औषधाने जात विचारावी काय?

शंकाकार : अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेतून तू शिकून आलास याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु आल्या दिवसापासून तू जो एक आग्रह धरला आहेस, की कुत्र्याला कोणतीही सुई टोचण्यापूर्वी त्याची जात पाहिली पाहिजे, तो मात्र माझ्या गळी उतरत नाही. पहिली अडचण शब्दाचीच आहे. आपल्या भाषेत कुत्र्याच्या वंशाला आणि माणसाच्या ज्ञातीला ‘जात’ हा एकच शब्द आहे, आणि ज्या गावाजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, त्या वलगावात बसून ‘आधी जात सांगा, मग औषध देतो’ असे म्हणताना, मग ते कुत्र्याविषयी का असेना, माझी जीभ अडखळते. शब्दाचा मुलाहिजा बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण उरतेच. गावाच्या वेशीवर, उकिरड्यावर, एस. टी.च्या थांब्याखाली जी कुत्री पडलेली असतात त्यांना जात नाही. आणि एखाद्याच्या वाड्यात अल्सेशियन म्हणून जे जनावर बांधलेले असते, त्याच्या बापाचा दाखला कोणत्याही दप्तरात नाही. जी गोष्ट ठाऊकच नाही तिच्या आधारे औषधाची मात्रा कशी ठरवायची?

आग्रही : काका, शब्दाविषयीचा आपला संकोच मला मान्य आहे. बोलण्याच्या ओघात तो माझ्या तोंडून आलाच तर आपण तो ‘वाण’ या अर्थी घ्यावा. कपाशीचे दोन वाण एकाच वावरात शेजारी शेजारी पेरले तरी एक तुडतुड्यांना बळी पडतो आणि दुसरा तग धरतो, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. आता मूळ मुद्दा. १९८१ च्या सुमारास आयव्हरमेक्टिन हे औषध जनावरांसाठी बाजारात आले. जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघाले, आणि त्या कामाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्बेल हे २०१५ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. गाईच्या पोटातले जंत, शेळीची खरूज, कुत्र्याची लूत, सर्वांवर त्याचा अंमल चालतो, म्हणूनच आपल्याकडे ते इतके रुळले. परंतु ते येऊन थोडी वर्षे होतात न होतात तोच असे दिसू लागले की कॉली नावाच्या मेंढपाळी कुत्र्यांपैकी कित्येकांना, इतर कुत्र्यांना ज्याची खबरही लागत नाही तेवढ्या मात्रेने, थरथर सुटते, लाळ गळते, दृष्टी जाते आणि अखेर बेशुद्धी येते. यामागचे कारण उलगडायला वीस वर्षे लागली, आणि पहिला धागा मिळाला तो उंदरांत. ॲम्स्टरडॅमच्या एका प्रयोगशाळेत, ज्यांचे एक विशिष्ट जनुक मुद्दाम काढून टाकले होते अशा उंदरांच्या खोलीत किडे झाले, म्हणून नेहमीच्या पद्धतीने आयव्हरमेक्टिनची फवारणी केली गेली, तर ते जनुक नसलेले उंदीर पटापट मेले आणि शेजारचे साधे उंदीर सुखरूप राहिले. ही हकिकत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे एक प्रथिन जकातनाक्यावरच्या शिपायासारखे बसलेले असते, आणि परका पदार्थ आत शिरू लागला की त्याला ते रक्तात परत लोटते. हे प्रथिन घडविण्याचा हुकूम ज्यात लिहिलेला असतो त्या एमडीआर-१ नावाच्या जनुकातून कॉलीच्या कित्येक कुळांत चार अक्षरे गळालेली आहेत. जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. त्यामुळे चार अक्षरे गळाली की पुढचे सारे लेखन सरकते, वाक्य मध्येच तुटते, आणि शिपाई नेमलाच जात नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात कॅट्रिना मीली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे दाखवून दिले. तिकडच्या दर दहा कॉलींपैकी सुमारे सातांमध्ये या तुटलेल्या जनुकाची निदान एक प्रत तरी असते. इतकी नेमकी माहिती हाती असताना ती न विचारता सुई भरणे, हे मला माझ्या विद्येशी बेइमानी केल्यासारखे वाटते.

शंकाकार : तुझ्या जकातनाक्याची गोष्ट मला समजली आणि पटलीही. परंतु कॉली मी उभ्या आयुष्यात पाहिला तो कॅलेंडरावरच्या चित्रात. तेव्हा परदेशचा दाखला राहू दे. मी तुला इथली एक हकिकत सांगतो, जी मी आजवर कोणापाशी उघड केली नाही. पंचवीस वर्षे झाली असतील. परतवाड्याच्या वाटेवरच्या एका वाड्यातून मला बोलावणे आले. अल्सेशियन म्हणून पाळलेली एक कुत्री होती. सर्वांगाला लूत, कानामागे कातडी हत्तीच्या चामड्यासारखी जाड झालेली. मी गुरांसाठी ठेवलेल्या कुपीतून एक मिलिलिटर भरले आणि तिच्या कातडीखाली सोडले. वजन केले नव्हते. काटा माझ्यापाशी नव्हता, नजरेने वीस किलो धरले. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि ती भिंतीवर आदळत होती. तिसऱ्या दिवशी ती उठेना. मी सलाइन लावून रोज दोन वेळा जाऊन बसत असे, कारण दुसरे काही करण्यासारखे नव्हतेच. या औषधावर उतारा नाही. सहाव्या दिवशी तिने मान उचलून पाणी घेतले, आणि ती जगली. घरच्या मंडळींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. ‘औषध सोसलं नाही तिले,’ एवढेच म्हणाले. आता तू मला सांग, त्या वाड्यात तुझी जातीची चौकशी काय कामाला आली असती? अल्सेशियन असे सर्वांनी सांगितलेच होते. कामाला आला असता तो वजनकाटा. ज्या मुलुखात कुत्र्याचे वजन न करता औषध दिले जाते, तिथे जनुकाची गोष्ट काढणे म्हणजे पाया खणण्याआधी कळसाचा हिशेब मांडणे होय.

आग्रही : आपण हे मला सांगितलेत, त्याचा मी गैरफायदा घेणार नाही; पण त्या हकिकतीचा हिशेब मात्र मला मांडू द्या, कारण तो आपण समजता तितका सरळ नाही. गुरांच्या कुपीत एका मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम औषध असते. कुत्री खरोखर वीस किलोंची असेल तर किलोमागे पाचशे मायक्रोग्रॅम गेले, आणि लुतेसाठी तीनशे ते सहाशे देण्याची वहिवाट आहेच. आजाराने खंगून ती चौदाच किलोंची उरली होती असे धरले तरी सातशेच्या आसपास जाते. निरोगी बीगल कुत्र्यांना एका वेळी किलोमागे दोन हजारांपर्यंत देऊनही त्यांच्यात विकार दिसलेला नाही. उलट ज्या कॉलीच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती तुटलेल्या असतात तिला शंभर-दोनशेतच बेशुद्धी येते. म्हणजे वजनाच्या अंदाजातली चूक गृहीत धरली तरी सहा दिवसांच्या गुंगीचा उलगडा त्या एका चुकीने पुरता होत नाही. आणि काका, अल्सेशियनमध्येही हा दोष आढळतो. कॉलीइतका नाही, पण तिकडच्या तपासण्यांत दहांत एकाच्या आसपास. मला त्या घरच्या मंडळींचे शब्द अधिक बोचतात. ‘सोसलं नाही’ या दोन शब्दांनी चौकशीचे दप्तर कायमचे बंद होते. का सोसले नाही, हे विचारायला मग कोणी उरत नाही.

याच सोसण्या-न सोसण्याची दुसरी एक कथा आहे, आणि ती तर खास यकृताच्या कामाची आहे. ग्रेहाउंडला थायोपेंटलची भूल दिली की तो इतर कुत्र्यांपेक्षा फार उशिरा शुद्धीवर येतो, हे भूल देणाऱ्यांना कित्येक वर्षे माहीत होते. त्याचे कारणही सर्वांनी ठरवून टाकले होते : हा कुत्रा किडकिडीत, अंगावर चरबी नाही, म्हणून औषधाला मुरायला जागा मिळत नाही आणि ते रक्तातच फिरत राहते. कारण इतके डोळ्यांना दिसणारे होते की कोणी शंका घेतली नाही. मग १९८५ च्या सुमारास सॅम्स आणि म्यूर यांनी रक्तातले औषध तासागणिक मोजले, तेव्हा असे निघाले की ग्रेहाउंडचे यकृतच ते औषध सावकाश मोडते. आणि यकृतातील विकरांना चेतविणारे फेनोबार्बिटल आधी काही दिवस दिले, तर तोच किडकिडीत कुत्रा, अंगावर तोळाभर चरबी न वाढता, लवकर जागा होतो. २०२० मध्ये सीवायपी-२बी-११ नावाच्या विकराच्या जनुकात तो फेरफारही सापडला ज्याने हे विकर कमी प्रमाणात तयार होते, आणि तो ग्रेहाउंडखेरीज नजरेने सावज हेरून धावणाऱ्या इतर काही वाणांतही निघाला. आता आपला कारवानी कुत्रा पाहा. मुधोळच्या घोरपड्यांनी ज्याची जोपासना केली, ९ जानेवारी २००५ रोजी ज्याच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले, सोलापूर-सांगलीकडच्या वस्त्यांवर जो अजूनही राखला जातो, तो बांध्याने अगदी याच घराण्यातला. त्याच्या यकृताचे काय? त्याला भूल देताना आपण ग्रेहाउंडचा हिशेब धरायचा की गावठी कुत्र्याचा?

शंकाकार : या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि तो प्रश्न चांगला आहे. पण तू ज्या शस्त्राने माझ्यावर चाल केलीस तेच मी उलट धरतो. ग्रेहाउंड किडकिडीत दिसतो म्हणून लोकांनी चरबीची कथा रचली. कारवानी ग्रेहाउंडसारखा दिसतो म्हणून तू यकृताची कथा रचू पाहतोस. दोन्हीकडे डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावरून आतल्या रसायनाचा निवाडा होतो आहे. इंग्रजी मुलुखातले पशुवैद्य पूर्वी म्हणत की पाय पांढरे असतील तर आयव्हरमेक्टिन देऊ नये. आपल्याकडे बैलाच्या अंगावरचा भोवरा पाहून सौदा मोडतात, त्यातलाच हा प्रकार. लांब केसांचा व्हिपेट पाहा. दिसायला तो शर्यतीच्या कुत्र्यांतला, पण त्यात कॉलीचाच तुटलेला एमडीआर-१ मोठ्या प्रमाणात सापडतो, कारण मागे केव्हातरी मेंढपाळी कुत्र्याचे रक्त त्यात मिसळले. रूप एका घराण्याचे आणि जनुक दुसऱ्या घराण्याचे. आणि तू बीगलचा दाखला दिलास म्हणून विचारतो : बीगल तरी एक आहे का? सेलेकोक्सिब या वेदनाशामकाची परीक्षा २४२ बीगलांवर झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी ते झपाट्याने मोडले आणि निम्म्याहून थोड्या अधिकांनी सावकाश. एकच वाण, एकच पैदास, एकच अन्न, तरी दोन तट. ज्या कुत्र्यावर जगातल्या कितीतरी औषधांची पहिली परीक्षा होते त्याच्याच पोटात ही तफावत असेल, तर वाणाच्या नावाला मी किती जामीन धरू?

याहून मोठी गोष्ट ही, की हा दोष जातीने आणलेला नसून जात शुद्ध राखण्याच्या हव्यासाने साठविलेला आहे. कॉली आणि तिच्या भाऊबंदांत जी चार अक्षरे गळालेली आढळतात, ती सर्व एकाच पूर्वजाकडून आलेली आहेत, आणि तो पूर्वज इंग्लंडात १८७३ साली केनेल क्लबची स्थापना होऊन वाणांच्या वह्या बंद होण्याच्या आधीचा आहे, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. पुढे लोकांनी वह्या घातल्या, भिंती घातल्या, आणि आतल्या आत संबंध जुळवीत एका कुत्र्याची चूक हजारोंची केली. माणसांत हे आपण पाहिलेलेच आहे. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला सक्सामेथोनियम देतात. त्याचा प्रभाव चार-पाच मिनिटांत ओसरतो, पण आंध्रापासून आपल्या विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पसरलेल्या आर्य वैश्य समाजातील काही व्यक्तींच्या रक्तात ते मोडणारे विकरच काम करीत नाही आणि त्यांचा श्वास तासन्‌तास परत येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंद वर्तुळात विवाह झाल्याचा तो परिणाम आहे. पण मी ज्या भूलतज्ज्ञांना मानतो ते रोग्याची जात पाहून थांबत नाहीत; घरात पूर्वी कोणाला भूल दिली होती का, आणि तेव्हा काय झाले, हे विचारतात. मी तुला एवढेच म्हणतो, की जात विचारू नकोस, घराणे विचार. आणि घराणे ठाऊक नसेल तर समोरचे एक जनावर पाहा.

आग्रही : बीगलच्या दाखल्याने आपण माझा निम्मा दावा खारीज केलात, हे मी कबूल करतो. वाणाचे नाव हा पुरावा नव्हे, तो फक्त संशयाला वाट दाखवितो. आणि मी गेले काही दिवस ते नाव पुराव्यासारखे वापरीत होतो. पण आपण समोरचे एक जनावर पाहायला सांगता, तेव्हा माझ्यासमोर जे जनावर येते ते बहुधा गावठीच असते, आणि तिथे आपली भूमिका मला भीतिदायक वाटते. मोकाट कुत्र्यांत संभोगातून पसरणारी ती रक्ताळ गाठ आपण किती वेळा पाहिली असेल! तिच्यावर आपण आठवड्याला एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टिनच्या सुया देतो आणि गाठ वितळते; पण व्हिनक्रिस्टिन त्याच नाक्यावर अडविले जाणारे औषध आहे, आणि ज्याच्या नाक्यावर शिपाई नाही त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच मात्रेने कोसळतात. मोकाट कुत्रे सुईनंतर चार दिवसांनी दिसले नाही, तर आपण समजतो ते बरे होऊन दुसऱ्या आळीत गेले. ते कुठे मेले याची नोंद कोण करतो? आज आपल्यापाशी जे ज्ञान आहे ते बहुतांशी ज्यांच्या वंशावळी लिहिलेल्या आहेत त्यांच्याविषयीचे आहे. गावठी कुत्र्याला हा दोष नाही, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. त्याच्याबद्दल फारसे कोणी विचारले नाही, एवढेच. कागदावर नाव नाही म्हणून ज्याची फिर्यादच दाखल होत नाही, असा वर्ग कुत्र्यांतही आहे, आणि गाडगेबाबांनी मुक्या जनावरांना अभय द्यायला सांगितले ते काही वंशावळ असलेल्यांपुरते नव्हते.

आणि काही गोष्टी तर वाणाच्याही पलीकडे आहेत. क्षयाच्या औषधातील आयसोनायझिड मोडण्यासाठी लागणारे एक विकर माणसांपैकी काहींत मंद असते, काहींत जलद; कुत्र्यात मात्र त्याचे जनुकच नाही, लांडग्यात नाही, कोल्ह्यात नाही, साऱ्या श्वानकुळात नाही. म्हणून क्षयाच्या रोग्याच्या उशाशी पडलेल्या गोळ्या घरच्या कुत्र्याने चघळल्या तर त्याला आकडी येऊन ते मरू शकते, मग ते मुधोळचे असो की उकिरड्यावरचे. हे आपल्या तालुक्यातल्या किती घरांना माहीत आहे?

शंकाकार : ते मलाही इतके नेमके माहीत नव्हते, आणि ते आधी माहीत असते तर मी काही घरी सांगून ठेवले असते. तुझा मोकाट कुत्र्याचा मुद्दा मी मनावर घेतला. तरीही खर्चाचे काय? गालाच्या आतून बोळा फिरवून परदेशच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, त्याची फी भरायची, उत्तराची वाट पाहायची, हे ज्याला परवडते त्याच्या घरी काटाही असतो आणि चांगला वैद्यही. आणि उत्तर आले, एमडीआर-१ शाबूत आहे असे निघाले, तर तो मालक मला म्हणेल, आता बिनधास्त भरा सुई. एका जनुकाच्या दाखल्याने साऱ्या यकृताची सनद मिळाली असे लोक समजतील. ‘सोसलं नाही’ या शब्दांनी चौकशी बंद होते असे तू म्हणालास. ‘तपासणी झालेली आहे’ या शब्दांनीही ती तितकीच घट्ट बंद होते. त्यात आता मुधोळच्या कुत्र्याची वाण म्हणून राष्ट्रीय नोंदणी झाली आहे. अभिमानाची गोष्ट आहे. पण इंग्लंडात जे १८७३ नंतर झाले त्याची पहिली पायरी तीच नव्हती का?

आग्रही : म्हणूनच तर वही बंद होण्याआधी त्या कुत्र्यांचे बोळे घ्यावेत असे मला वाटते. नंतर घेऊन फक्त किती नुकसान झाले ते मोजता येईल. आणि गालाचा बोळा सगळ्यांचा घ्यावा असे माझे म्हणणेच नाही. औषध दिल्यावर जे जनावर विपरीत वागले, ज्याची भूल उतरेना, ज्याच्या बाहुल्या विस्फारल्या, त्यांची नोंद राहिली तर कोणाचा बोळा पाठवायचा हे ती नोंदच सांगेल. एक वही, तीत वजन, औषध, मात्रा, पुढच्या आठ दिवसांतली अवस्था, आणि आई कोण एवढे. बापाचा रकाना मी रिकामा सोडीन. गावात तो कोणालाच सांगता येत नाही. आपण पंचवीस वर्षांपूर्वीची ती कुत्री अशा वहीत लिहिली असती, तर आज आपण दोघे इथे तर्क करीत बसलो नसतो. तिला पुढे पिल्ले झाली का, काका?

शंकाकार : दोन वेते झाली. पहिल्यात सहा, दुसऱ्यात सात. वाड्याच्या मालकाला ती ठेवायची नव्हती, म्हणून मीच ती सायकलला टोपली बांधून वाटली. दोन शिराळ्याला, एक आसेगावला, आणि उरलेली इथेच वलगावात, ज्याने मागितले त्याला. त्यांतली कित्येक पुढे मोकाट झाली. आज थांब्याखाली जी तांबडी कुत्री पडलेली असते, उभ्या कानांची, ती त्यांच्याच कितव्या पिढीतली कोण जाणे.

आग्रही : त्या कुत्रीच्या दोन्ही प्रती तुटलेल्या असतील, तर तेराही पिल्लांत एकेक तुटलेली प्रत गेली असणारच. यात अपवाद नाही. आणि एकच प्रत तुटलेली असली तरी मोठ्या मात्रेला ते जनावर कच्चे पडते.

शंकाकार : आणि तिच्या प्रती शाबूत असतील, चूक माझ्या नजरेचीच असेल, किंवा घरच्यांनी गोचिडांसाठी आधी काही लावले असेल, जे मी विचारले नाही, तर त्या तेरा पिल्लांत काहीच गेले नाही. हे मला आजवर सुचले नव्हते. मी ज्यांना बिनजातीची म्हणत आलो, त्यांच्यात मीच टोपलीतून काय वाटले, ते मला ठाऊक नाही. थांब्याखालच्या त्या तांबड्या कुत्रीला या पावसाळ्यापासून लूत भरली आहे. काल मी गुरांची कुपी काढून ठेवली होती. कॉलीलाही सोसतात अशा चघळण्याच्या गोळ्या आता निघाल्या आहेत, हे मी ऐकले आहे, पण एका गोळीच्या किमतीत त्या कुपीतून कितीतरी कुत्री बरी होतात, आणि थांब्याखालच्या कुत्रीला मालक नाही. तू बोळा पाठवशील. उत्तर येईपर्यंत ती खाजवून खाजवून कातडे सोलून घेईल. उद्या सकाळी लवकर ये. किराणा दुकानातला पोत्यांचा काटा मी मागून आणतो. आधी तिला त्यावर उभी करू, आणि मग कुपी उघडायची की नाही ते तिच्यासमोर बसून ठरवू.